भरला माठ वाजत नाही, म्हणे!

आमच्या घरमालकांना माझा स्वयंपाक कानानं कळत असे. सकाळी खाली अंगणात ते दात घासत उभे असायचे. वर माझ्या कुकरनं शिट्टी दिली की तोंडातला फेस थुंकून ओरडायचे, "वहिनी, कुकर आज उतरला जी तुमचा! सूर लागून नाही राहिला. रबर बदला!" आणि गंमत अशी की रबर खरंच गेलेलं असायचं. एकदा मी गुपचूप नवीन रबर घातलं आणि कान देऊन बसले. शिट्टी झाली. खाली शांतता. मग आवाज आला, "हां! आता कसं! आज वरण चांगलं होते!"

सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. शाळेतले नव्हेत हो, बँडचे. नागपूरच्या सक्करदऱ्यातलं कुठलंही लग्न घ्या, वरातीच्या अगदी पुढे मास्तर. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, छातीवर पितळी बिल्ला, टोपीला तुरा आणि ओठाला ट्रम्पेट. हा कोट ते भाजी आणायलाही घालून जात. म्हणत, "साध्या सदऱ्यात गेलो का लोक मले ओळखत नाहीत." ओळखत कसे नाहीत? बोलायला लागले की अर्ध्या गल्लीला ऐकू जायचं.

त्या ट्रम्पेटला पिपाणी म्हटलं की मात्र संपलं. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात आमचे हे जिन्यातून म्हणाले, "मास्तर, काल तुमची पिपाणी झकास वाजली." झालं! पिपाणी म्हणजे जत्रेतली, पोरांनी फुंकायची. मास्तरांनी त्या दिवसापासून ह्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. काही सांगायचं असलं की माझ्यामार्फत. "वहिनी, साहेबाले सांगा, नळ आला." साहेब तिथंच नळाखाली बादली लावून उभे! मग हेही म्हणायचे, "मास्तरांना सांग, मला दिसतोय." मी मधे उभी राहून दोघांचं ऐकायची. टेलिफोनची तार झाले होते नुसती.

मास्तरांची अजून एक तऱ्हा होती. वरातीत ते उलटे चालत. तोंड बँडकडे, पाठ रस्त्याकडे. का, तर "मास्तरनं पोरायचे चेहरे पाहिले पाहिजे. पाठ फिरवली का तो ढोलवाला झोपते." आयुष्यभर उलटं चालून चालून त्यांचे गुडघे असे झाले होते की जिना चढताना कुरकुर मला वरपर्यंत ऐकू यायची. त्या कुरकुरीचाही सूर ते सांगत. डावा गुडघा उजव्यापेक्षा चढा लागतो म्हणे.

पण खरं वेड म्हणजे उतरणीचा सूर. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. नवरदेव मांडवाच्या दारात घोड्यावरून उतरायला लागला की सगळा बँड गप्प व्हायचा आणि मास्तर एकटे एक लांब सूर धरायचे. नवरदेवाचे दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत. सूर तुटला तर संसारात खंड पडते, असं ते प्रत्येक नवरदेवाला आधी बजावून सांगायचे. मग ते बिचारे लगबगीनं उतरायचे. एकदा एक चांगला वजनदार नवरदेव होता. त्याचा पाय रिकिबीत अडकला. मामानं ओढलं, काकानं ढकललं, घोडं गोल फिरायला लागलं, नवरदेवाचा फेटा सुटला, आणि मास्तर फुंकून राहिले, फुंकून राहिले! गाल सुजलेल्या भज्यासारखे, डोळे बाहेर, पण सूर सरळ. शेवटी पाय टेकले तेव्हा वऱ्हाडी नवरदेवाला सोडून मास्तरांच्या पाया पडायला धावले.

मी विचारलं, "मास्तर, एवढा दम येतो कुठून?"

"रिकाम्या पोटातून, वहिनी," ते म्हणाले. "भरला माठ वाजते का? नाही वाजत. रिकामाच वाजते. मानसाचं बी तसंच आहे."

ही त्यांची गीता होती. वरात असली की सकाळपासून अन्नाला शिवायचं नाही. नुसता काळा चहा. दूध घातलं की सूर जड होतो म्हणे! आणि लग्नसराईत तर रोजच वरात. मी भाकर-झुणक्याचा डबा पुढे केला की हात मागे नेत. "वहिनी, तुम्ही अन्नपूर्णा आहा, पण मी माठ आहो."

त्या काळ्या चहाबरोबर ते एक गोळी टाकत. गुडघेदुखीची. मेडिकलवाल्याकडून आणलेली, कोणा डॉक्टरला न विचारता. लग्नं दाटीची असली की दोन. मी म्हटलं, उपाशीपोटी कसल्या गोळ्या खाता हो? तर म्हणाले, "गोळी नाही जी, ग्रीस आहे. गुडघ्याले ग्रीस लागते. तुमच्या साहेबाच्या स्कूटरले नाही लागत काय?"

आता ती बिटाची गोष्ट सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

लग्नसराई नव्हती, मास्तर मोकळे होते, तेव्हा खात. आणि खात म्हणजे कसे, सराईतली सगळी बाकी वसूल करत. अशा दिवसांत एकदा मी बिटाची कोशिंबीर केली होती, दही घालून, वरून मिरचीची फोडणी. वाडगाभर खाली पाठवली. वाडगा परत आला, "अजून हाय काय?" अजून पाठवली. मास्तरांनी ती पोळीशी खाल्ली, भाताशी खाल्ली, शेवटी नुसतीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संडासाकडून अशी आरोळी आली की माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं.

"वहिनी! खेळ खतम!"

आम्ही धावलो. मास्तर पायरीवर बसलेले, अंगात बनियन, डोक्यावर मात्र बँडची टोपी. म्हणाले, "लाल! सारं लाल! रक्त चालू झालं. आता मी काही राहत नाही." कमरेची घराची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली, डोळ्यांनी ह्यांच्याकडे बघत. "साहेबाले सांगा, घर सांभाळजो. अन् माझ्या मयतीत डीजे लावला तर उठून बसीन, हेही सांगा."

गल्ली गोळा झाली. एकजण म्हणाली मुळव्याध, दुसरी म्हणाली उष्णता. बाकी सगळ्यांचं एकमत, तर्री! आमच्याकडे पोह्यांवर तो लालभडक चण्याचा रस्सा घेतात ना, ती तर्री. नागपुरात कुणाच्या पोटात काही झालं की आरोपी ठरलेला. "किती वेळा सांगितलं मास्तर, तर्री कमी खाजा!"

ऑटोत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. मागे गल्लीतले दोन ऑटो आणखी. पोटाची डॉक्टर तिथं एक तरुण मुलगी होती, एवढीशी, वेणी घातलेली. तिनं नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "काका, काल काय जेवले?"

मास्तरांनी सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. "किती बीट?"

मी म्हटलं, "सगळं."

तिनं खात्री करायला तपासणी केली. रक्त नव्हतंच. बीटच होतं, जसंच्या तसं. दाराबाहेर गल्ली कान लावून उभी होतीच. असं हसू फुटलं, असं हसू फुटलं की नर्सबाई रागवायला आल्या आणि कारण कळल्यावर त्याच भिंतीला टेकून हसायला लागल्या. डॉक्टर मात्र हसली नाही. ती सांगत होती, "आले ते बरंच केलं. पुढेही असा रंग बदलला तर लगेच या. आणि लालच नाही, कधी..." पण तिचं पुढचं कुणी ऐकलंच नाही. आमचे हे खोकल्याच्या नावाखाली तोंडात रुमाल कोंबून उभे होते आणि मास्तर टोपी डोळ्यांवर ओढून बाहेर पडले होते.

मग काय विचारता! बँडमास्तरचे बीटमास्तर झाले. भाजीवाला लांबून ओरडे, "मास्तर, बीट ताजे हायेत!" गणपतीच्या मिरवणुकीत लोक फर्माइश करत, "मास्तर, एक लाल गाणं होऊन जाऊ द्या!" मास्तर हसत, टोपीला हात लावत. पण त्यानंतर माझ्याकडून येणाऱ्या प्रत्येक वाडग्याचं झाकण ते आधी उघडून आत बघत. माणूस मनाला लावून घेतो तेव्हा असंच करतो. वरून हसतो आणि झाकण उघडून बघतो.

मग तुळशीचं लग्न लागलं आणि माणसांची लग्नं सुरू झाली. ती सराई दणक्याची होती. मास्तरांचा पुन्हा तोच क्रम, काळा चहा, ग्रीस, वरात.

पण मला काहीतरी खटकायला लागलं. माझा कुकर एका सकाळी चक्क बेसूर शिट्टी मारत होता आणि खालून काही आवाज नाही. मी खाली डोकावले. मास्तर ओट्यावर बसलेले, चेहरा कणकेसारखा पांढरा. उठले तर भिंतीला हात लावून उठले. जिना चढायचं त्यांनी सोडलंच होतं. दोन पावलं चालले की धाप. आणि संडासात बादलीवर बादली पाणी ओतल्याचा आवाज. वासही येई, उग्र, नाकात बसणारा. साधा नाही.

मी सरळच विचारलं. आमच्या वयात लाज कसली? "मास्तर, पोट साफ होतं ना? काही काळंबेरं तर नाही?"

मास्तर दचकले. "काळं होऊन राहिलं थोडं. जांभळं खाल्ली ना, म्हणून."

"मार्गशीर्षात जांभळं? कुठं मिळाली हो?"

"फ्रिजमधली."

"तुमच्याकडे फ्रिज कुठं आहे?"

"मंग तुमच्याकडची असतीन," मास्तर म्हणाले आणि हसले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, रक्त लाल असते. हे काळं आहे. म्हणजे रक्त नाही. बस. आता पुन्हा दवाखान्यात नेऊन माझी वरात काढू नका."

बघा, काय उलटा न्याय झाला होता! लाल होतं तेव्हा जीव जातो म्हणून ओरडले आणि ते बीट निघालं. आता खरोखर जीव चालला होता आणि रंग काळा म्हणून गप्प बसले होते. हसण्याची भीती मरणाच्या भीतीहून मोठी.

मास्तर घरात एकटेच, म्हणून मी त्यांच्या मुलाला फोन केला. मुलगा मिहानला, शहराबाहेर विमानतळापाशी, विमानं दुरुस्त करण्याच्या कारखान्यात. तिकडेच फ्लॅट घेतलेला. तो म्हणाला, "काकू, मी रविवारी येऊन त्यांना उचलून नेतो. वाटलं तर बांधून नेतो."

पण शनिवारी आमच्याच गल्लीतल्या पोराची वरात होती.

त्या संध्याकाळी मी डबा घेऊन मास्तरांच्या मागे मागे. "दोन घास खा हो." त्यांनी लाल कोटाची बटणं लावली. कोट अंगावर सैल लोंबत होता. "भरला माठ..." एवढंच म्हणाले, पुढचं म्हणायला दम नव्हता.

वरात निघाली. मास्तर उलटे चालत होते, पण पावलं वाकडी पडत होती. ढोलवाला डोळ्यांनी त्यांना सावरत होता. मांडवाचं दार आलं, घोडं थांबलं, बँड गप्प झाला. मास्तरांनी ट्रम्पेट ओठाला लावलं. नवरदेवानं पाय उचलला. सूर निघाला, सरळ, लांब, आमच्या अंगावर काटा आणणारा...

आणि मधेच तुटला.

मास्तर वाकले. आम्हाला वाटलं मुजरा करताहेत. ढोलवाल्याला वाटलं काहीतरी नवीन बसवलंय, त्यानं दणकन थाप मारली! मास्तरांनी उलटी केली. काळसर, तपकिरी, जसा काही चहाचा चोथा गाळणीतून पडावा. आणि खाली बसले. ढोल थांबला. आणि वरून नवरदेवाचा आवाज, एक पाय रिकिबीत, एक हवेत. "मी उतरू का नको?"

आमच्या ह्यांनी नवरदेवाची सजवलेली गाडी दाराशी आणली. मागे मी, मास्तरांचं डोकं मांडीवर. पुढे ढोलवाला, ढोल गळ्यातच, काढायला सुचलंच नाही. चालवायला आमचे हे. झेंडूच्या माळा हलताहेत, काचेवर 'शुभविवाह'. वाटेत लोक हात हलवून शुभेच्छा देताहेत. मलाही हात हलवावा लागला, काय करता!

मास्तरांचा हात बर्फासारखा गार. त्यांनी डोळे उघडले. ट्रम्पेट छातीवरून उचलून पुढे केलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट ह्यांच्याशी बोलले.

"साहेब, पिपाणी सांभाळजा."

ह्यांनी एका हातानं ते घेऊन मांडीवर ठेवलं. मास्तरांनी स्वतःच्या तोंडानं पिपाणी म्हटलं! तेव्हा मला समजलं, हा माणूस चालला आता.

दवाखान्याच्या दारात चौकीदार गाडीला सलाम करून म्हणाला, "मंगल कार्यालय पलीकडे आहे जी." पण आत तीच वेणीवाली डॉक्टर होती. तिनं एक नजर टाकली आणि पळायला लागली. दोन्ही हातांना सलाईन, रक्ताची मागणी, पोटातलं आम्ल दाबायचं इंजेक्शन. हात चालू, तोंड चालू. "काका, शौचाला कसं होत होतं?"

मास्तर पुटपुटले, "लाल नाही जी. आईची आन, बीट नाही खाल्लं."

"काळं? डांबरासारखं? चिकट?"

मास्तरांनी नुसती मान हलवली.

"काका, तेच रक्त. वर पोटात रक्त सांडलं की खाली येईपर्यंत आम्लात शिजून काळं पडतं. लाल दिसतं ते बहुतेक खालच्या आतड्याचं, मुळव्याधीचं. काळं म्हणजे वरचं."

"काळी म्हणजे वरची पट्टी," मास्तर डोळे मिटून म्हणाले. "लक्षात राहीन."

"गोळ्या कुठल्या घेता?"

"गोळी नाही... ग्रीस..."

मी त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला. बिल्ल्यामागच्या खिशातून त्या गोळ्यांची पाकिटं निघायला लागली, रिकामी, अर्धी, भरलेली, संपतच नाहीत! जादूगार रुमाल काढतो तशी. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. अशा गोळ्या दुखणं मारतात, पण पोटाचं आतलं अस्तरही खातात, आणि उपाशीपोटी रोज घेतल्या तर जखम होऊन रक्त सुटतं, असं तिनं सांगितलं.

रक्त चढवायचं ठरलं. बदल्यात कुणीतरी द्यायचं होतं, ढोलवाला लगेच बाह्या सारून पुढे झाला. त्याचंच रक्त मास्तरांना जाणार नाही, ते पेढीतून येतं, हे डॉक्टरनं परोपरीनं सांगितलं. मास्तरांना ते आजतागायत पटलेलं नाही. "ढोलवाल्याचं रक्त आलं तवापासून माझा ताल पक्का झाला, वहिनी. सुराचं मात्र पाहावं लागते."

नाडी ताळ्यावर आली तसे मास्तरही ताळ्यावर आले, म्हणजे हट्टाला बसले. तोंडातून दुर्बीण पोटात घालायची म्हटल्यावर म्हणाले, "ह्या तोंडातून हवा बाहेर जाते. आत काही जात नाही."

तोवर मुलगा मिहानहून पोचला होता. बापाच्या उशाशी बसला. "बाबा, आम्ही विमानाचं इंजिन खोलतो का? नाही खोलत. आत अशीच बारीक नळी घालतो, पुढे कॅमेरा. पातं कुठं झिजलं, कुठं चीर गेली, सारं बाहेर पडद्यावर दिसते. तुमचं इंजिन कोणी खोलून नाही राहिलं. फक्त डोकावतात."

मास्तरांनी विचार केला. "विमानाले बी असंच करता?"

"मोठ्या-मोठ्या विमानाले."

"मंग ठीक आहे." मग एकदम डोळे चमकले. "पण आधी दोन घास खाऊ घाला. वहिनी डबा आणतीन."

"अजिबात नाही!" डॉक्टर म्हणाली. "दुर्बिणीला पोट रिकामं लागतं."

अहो, एवढं रक्त गेलेला माणूस, पण असा खुलला! "पाहा! पाहा वहिनी! डॉक्टरीनबाईले बी रिकामाच माठ लागते!"

आत काय झालं ते नंतर डॉक्टरनंच सांगितलं. घशात बधीर करायचा फवारा मारला, दातांमध्ये नळीसाठी भोक असलेलं प्लास्टिकचं कडं ठेवलं, तर मास्तर हातानं खुणा करायला लागले की हे नीट बसत नाही, ओठ असे ठेवा, मी बाजावाला आहो. मग पोट नीट दिसावं म्हणून नळीतून आत हवा भरतात. हवा भरली आणि मास्तरांनी असा लांब, सरळ ढेकर दिला की नर्सबाई म्हणाल्या, "मॅडम, हे सुरात आहे!" बाहेर आल्यावर घसा बसलेल्या आवाजात पहिलं वाक्य काय बोलावं? "जिंदगीभर मी दुसऱ्यात हवा भरली. आज माझ्यात कोणीतरी भरली."

पोट जिथं संपतं आणि आतडं सुरू होतं तिथं जखम होती, आणि तिच्यात एक बारीक रक्तवाहिनी उघडी. डॉक्टरनं त्याच नळीतून इंजेक्शन दिलं आणि बारीकसा धातूचा चिमटा बसवला. चिरफाड नाही, टाका नाही. शिवाय पोटात एक जंतू निघाला, असा जखमा करणारा, त्याच्या गोळ्यांचा कोर्स वेगळा.

"आणि तर्री?" आमच्या ह्यांनी घाबरत विचारलं.

"तर्रीनं जखमेला चुरचुरेल. सध्या बंद. पण जखम केली ती गोळ्यांनी आणि जंतूनं. तर्रीनं नाही."

तर्री निर्दोष सुटली! ही बातमी गल्लीत पोचली तेव्हा मास्तर वाचल्याच्या आनंदात हाही आनंद मिसळला. आमच्या ह्यांनी तर फोन करकरून सांगितली.

मास्तरांना चिमट्याचा भारी अभिमान. भेटायला येईल त्याला सांगत, "पोटात पितळ बसवलं. बँडवाल्याच्या पोटात पितळच शोभते." डॉक्टर म्हणाली, पितळ नाही, आणि जखम भरली की तो आपोआप पडून जाईल. मास्तरांचा चेहराच पडला. "पडून जाते? मले कळवता तरी येईन काय, केव्हा पडला?"

घरी सोडताना ती म्हणाली, "त्या गोळ्या बंद म्हणजे बंद. गुडघ्यांसाठी व्यायाम दाखवते, औषध मी सांगेन तेच. काळं दिसलं की त्याच क्षणी इथं. आणि जेवल्याशिवाय वाजवायचं नाही."

"डॉक्टरीनबाई, भरला माठ वाजत नाही."

"खरं आहे," ती म्हणाली. "पण भेग पडलेला माठही वाजत नाही, मास्तर."

घरी येताना ऑटोत मास्तर डोळे मिटून बसले. मला वाटलं थकले. पण त्यांच्या मनात वेगळंच होतं. भरल्या पोटी सूर लागला नाही तर मास्तर तरी कसले? त्यांनी ट्रम्पेट ह्यांच्याकडेच राहू दिलं. मागितलंच नाही. महिना उलटला, अंगावर रक्त आलं, कुकरला नावं ठेवायला लागले, पण ट्रम्पेटचं नाव नाही.

शेवटी ढोलवाल्यानं त्यांना डिवचलं. "मास्तर, त्या पोट्ट्याचा उतरणीचा सूर अर्धाच राहिला हो. संसारात खंड पडते म्हणता ना? नवराबायको रोज भांडून राहिले."

मास्तर ताडकन उठले. "बोलव त्याले! अन् बायकोले बी!"

घोडं कुठून आणणार? आमच्या ह्यांची स्कूटर अंगणात उभी केली, हँडलला झेंडूची माळ घातली. नवरदेव ऑफिसच्या कपड्यात, हेल्मेटसकट चढून बसला. बायको बाजूला कमरेवर हात ठेवून उभी. "हे पूर्ण झालं की भांडणं थांबतीन का जी?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "निदान थोडी लांबणीवर पडतील."

गल्लीसमोर मास्तर पाटावर बसले. मी वाढलं. वरण-भात, भाकर, झुणका बिनतिखटाचा. आणि त्यांनी स्वतः मागितली म्हणून बिटाची कोशिंबीर. झाकण न उघडता घेतली त्यांनी. सगळं पोटभर जेवले, हात धुतले. आमच्या ह्यांनी ट्रम्पेट दोन्ही हातांनी पुढे केलं. पॉलिश करून ठेवलं होतं त्यांनी, मलाही न सांगता.

मास्तरांनी फुंक मारली. आधी ढेकर आला. कुणी हसलं नाही, सांगते ना, एकही माणूस हसला नाही. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा ओठ लावले.

सूर आला. पहिल्यासारखा टणक नाही, जरा भरलेला, गोल, गरम भाकरीसारखा. नवरदेव स्कूटरवरून पाय उचलून तसाच थांबला, उतरायचंच विसरला. शेवटी बायकोनं त्याला धरून खाली ओढला तेव्हा सूर थांबला.

आता मास्तर मुलाकडे मिहानला राहतात. खालचा मजला बंद आहे आणि माझा कुकर वाटेल तसा वाजतो. पण अधूनमधून दुपारी फोन येतो. हॅलो वगैरे नाही. उचलला की कानात तो लांब सूर. थांबेपर्यंत मी ऐकते आणि मग विचारते, "मास्तर, जेवून वाजवलं ना?"

तिकडून उत्तरादाखल ढेकर.

परवा मी फोन स्पीकरवर ठेवला होता. सूर संपला आणि आमचे हे आतल्या खोलीतून मुद्दाम मोठ्यानं ओरडले, "वा! पिपाणी छान वाजली!"

मी स्पीकर बंद करायला धावले. पण तोवर मास्तरांचा आवाज आलाच, तापलेला, खणखणीत.

"वहिनी, साहेबाले सांगून द्या, मी त्यायच्याशी बोलत नाही!"

म्हटलं, चला. तब्येत चांगली आहे.